तुळशीपत्र आणि खरेदीखत

सरकारच्या ताब्यातील जमीन विकून आलेल्या पैशांतून गरिबांसाठी स्वस्त घरे बांधावीत की नाही, हा वाद आपल्या देशात नवा नाही. परंतु गेल्या काही वर्षांत त्याला विशेष धार आली आहे. मध्य प्रदेश शासनाने २०२० साली लोकपरिसंपत्ती व्यवस्थापनाचे एक स्वतंत्र खातेच निर्माण केले, आणि शासनाच्या ज्या जागा व इमारती वापरात नाहीत त्या लिलावाने काढून टाकण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. एक पक्ष म्हणतो की निपचित पडलेल्या जमिनीपेक्षा गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर मोलाचे. दुसरा पक्ष म्हणतो की पूर्वजांनी राखलेली भूमी एकदा गेली की ती परत येत नाही, आणि घराच्या नावाने विकलेली जागा शेवटी घर नसलेल्याच्या वाट्याला येतच नाही. दोन्ही पक्षांकडे सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच हा वाद केवळ घोषणांनी मिटणार नाही. त्याचे परीक्षण करावयाचे तर तत्त्व आणि उदाहरण ही दोन्ही बाजूबाजूला ठेवून करावे लागेल. तसा यत्न येथे करावा असे आम्ही योजिले आहे.

हा विषय देवस्थानांशी निगडित असलेल्या वाचकांपुढे का मांडावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, ज्या वस्तूचा उपभोग अनेकांनी घ्यावयाचा, पण जी विकण्याचा अधिकार कोणा एकास नाही, अशा वस्तूचा सांभाळ कसा करावा याचा अनुभव आपल्या समाजात सर्वांत जुना जर कोणाला असेल तर तो देवळांना आहे. महाजन, पंच, वहिवाटदार, पुजारी या सर्वांनी शतकानुशतके जो प्रश्न हाताळला, तोच आज नगरपालिका आणि विकास प्राधिकरणे यांच्यापुढे वेगळ्या वेषात उभा आहे.

गौतमपुरा या गावाच्या नावातच या विचाराचे बीज आहे. इंदूर जिल्ह्यातील देपालपूर तहसिलीतले हे गाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव धारण करते. पेशव्यांनी १७३४ साली गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर करून दिली, आणि होळकरांच्या घरी 'दौलत' व 'खासगी' असे दोन हिशेब सुरू झाले. दौलत ही राज्याची. फौज, बंदोबस्त, चौकी-पहारा यांसाठी. खासगी ही राणीची. पुढे गौतमाबाईंची सून अहिल्याबाई हिच्याकडे ती आली, आणि तिने त्या संपत्तीवर तुळशीपत्र ठेवून ती धर्मकार्यास वाहिली, अशी परंपरा सांगते. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळे, धर्मशाळा व अन्नछत्रे यांचा जो विस्तार आपण पाहतो, त्याच्या मागे हे दोन निरनिराळे हिशेब आहेत.

तुळशीपत्र ठेवणे या आपल्या बोलीतल्या प्रयोगाचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. ज्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवले तीवरचा आपला हक्क आपण सोडला. ती वस्तू नाहीशी होत नाही, ती कोणाच्या उपयोगी पडू नये असाही त्याचा अर्थ नाही. उलट तिचा उपयोग व्हावा हाच हेतू. मात्र तिचा मोल करण्याचा अधिकार देणाऱ्याकडे राहत नाही आणि सांभाळणाऱ्याकडे येतही नाही. खरेदीखताचा स्वभाव याच्या अगदी उलट. खरेदीखत म्हणजे वस्तूचा मोल झाला, आणि मोल देणारा तिचा सर्वस्वी धनी झाला. सार्वजनिक भूमीवर आपण यांपैकी कोणता कागद ठेवतो, हाच या साऱ्या वादाचा गाभा आहे.

हा भेद केवळ भाविकतेचा नाही. स्वातंत्र्योत्तर काळात होळकरांच्या खासगी संपत्तीसाठी १९६२ साली विश्वस्तपत्र झाले. पुढे त्या संपत्तीतील हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून मोठा वाद उत्पन्न झाला. प्रकरण इंदूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२२ मध्ये त्या न्यायालयाने असे ठरविले की, या विश्वस्त निधीस मध्य प्रदेशाचा १९५१ चा सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू होतो. आणि निबंधकाची पूर्वसंमती न घेता, किंवा न्याय्य व उघड पद्धती न पाळता मालमत्तेचे हस्तांतर झाले, तर त्या मालमत्तेचा कारभार नीट चाललेला नाही असेच म्हणावे लागेल. ज्या संपत्तीचा उगम गौतमाबाईंच्या नावे झाला, तिच्याविषयी पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने जे सांगितले, ते सर्व सार्वजनिक भूमीस लागू करून पाहण्याजोगे आहे.

आमच्या मते या तत्त्वाची मुळे आणखी खोल आहेत. मीमांसकांनी विश्वजित् यागाची चर्चा करताना एक मार्मिक प्रश्न उपस्थित केला. या यागात यजमानाने आपले सर्वस्व दान करावयाचे असते. मग सार्वभौम राजाने हा याग केला, तर त्याने पृथ्वीही देऊन टाकावी काय? उत्तर नकारार्थी आले. कारण असे की भूमी सर्वांना सारखीच आहे. राजाचा अधिकार रक्षणाचा, आणि त्या रक्षणाचे वेतन म्हणून उत्पन्नाच्या अंशाचा. सतराव्या शतकात काशीत राहून धर्मशास्त्र लिहिणारे, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातले नीलकंठभट्ट यांनी 'व्यवहारमयूखा'त हाच विचार पुढे नेला. राज्य जिंकले म्हणून त्यातील प्रत्येक शेत व घर राजाचे होत नाही. जिंकलेल्याच्या स्वतःच्या मालकीचे जेवढे, तेवढेच त्याच्याकडे येते. पश्चिम हिंदुस्थानातील न्यायालयांनी ज्या ग्रंथास प्रमाण मानले, त्या ग्रंथाचे हे म्हणणे आहे. आधुनिक कायद्याच्या परिभाषेत याचेच प्रतिध्वनी आपण ऐकतो. १९९६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानले. २०११ साली भोपाळमधील जमीन जाहिरातीवाचून एका संस्थेस दिल्याचा व्यवहार त्याच न्यायालयाने रद्द केला, आणि शासनाची संपत्ती वाटताना निवडीची पद्धत उघड व समान असली पाहिजे असे बजावले.

आता विक्रीच्या पक्षाचा मुख्य मुद्दा घेऊ. तो असा: जमीन नुसती धरून ठेवली तर तिचे उत्पन्न शून्य, विकली तर रक्कम येते, आणि त्या रकमेतून अधिक हित साधता येते. हा युक्तिवाद देवस्थानांच्या कारभारात फार पूर्वी करून झालेला आहे, आणि त्याचा निर्णयही लागलेला आहे. पलनिअप्पा चेट्टी यांच्या १९१७ च्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे देवस्वाच्या हस्तांतराचा प्रश्न आला, तेव्हा 'संपत्तीचे हित' या शब्दांत काय येते हे न्यायाधीशांनी सांगितले. संपत्ती नष्ट होण्यापासून वाचविणे, तिच्यावरील दाव्याचा प्रतिकार करणे, पुरापासून तिचे रक्षण करणे, ही झाली हिताची उदाहरणे. परंतु केवळ अधिक व्याज मिळेल म्हणून स्थिर भूमी विकून तिची रक्कम गुंतविणे, हे हित नव्हे. देवाचा वहिवाटदार म्हणजे अज्ञान बालकाच्या इस्टेटीचा पालक. गरज असेल तर तो विकू शकतो, पण नफ्याच्या मोहाने नाही.

आम्हांस नवल वाटते ते याचे की, जे शासन देवस्थानाच्या वहिवाटदारास ही मर्यादा कसोशीने लावते, तेच स्वतः जनतेच्या भूमीचा वहिवाटदार असताना ती मर्यादा विसरते. वहिवाटदारास वेगळा न्याय आणि शासनास वेगळा, याला तत्त्वाचा काहीच आधार नाही.

तरीही येथे प्रामाणिकपणे थांबावयास हवे. देवस्वाच्या नियमात 'गरज' हा अपवाद आहे, आणि निवारा ही गरज नव्हे असे कोण म्हणेल? निवाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये चमेली सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. देवस्वाचा लाभार्थी देव. सार्वजनिक भूमीचा लाभार्थी जनता, आणि जनतेत ज्याला घर नाही त्याचा अधिकार सर्वांत आधीचा. तेव्हा 'भूमी विकूच नये' असे सरसकट म्हणणारा पक्ष देवाच्या नावाने देवालाच उपाशी ठेवणाऱ्या पुजाऱ्यासारखा ठरेल. प्रश्न विकावे की राखावे एवढाच नाही. काय विकले, काय राखले, आणि विकलेल्याचे फळ कोणाच्या पदरात किती काळ राहिले, हा खरा प्रश्न आहे. या कसोटीवर एक प्रत्यक्ष कृती तपासून पाहू.

इंदूरचीच कृती घ्यावी. शहराच्या बाहेर आग्रा-मुंबई रस्त्यालगत सुमारे ८५ हेक्टर जागेवर इंदूर विकास प्राधिकरणाने 'अरण्य' नावाची वसाहत उभी केली. तिची रचना बाळकृष्ण दोशी यांची व त्यांच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानाची. आखणी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली, आणि १९८९ साली ती पूर्णत्वास आली. १९९५ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. २०१८ साली दोशींना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले तेव्हाही या कामाचा गौरवाने उल्लेख झाला. साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड. त्यांतील बहुसंख्य अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. लहानातला लहान भूखंड ३५ चौरस मीटरांचा. घर बांधून द्यावयाचे नाही. जोते, पाण्याची व संडासाची सोय आणि एखादी खोली एवढा गाभा द्यावयाचा, आणि पुढचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवावयाचे. कसे वाढविता येईल हे दाखविण्यासाठी दोशींनी ८० नमुनाघरे बांधून दिली.

या योजनेतील अर्थव्यवस्था आमच्या विषयास थेट भिडते. मोठ्या रस्त्याकडेचे मोठे भूखंड सधन वर्गास बाजारभावाने विकावयाचे, आणि त्या नफ्यातून आतल्या लहान भूखंडांचा भार हलका करावयाचा. म्हणजे सार्वजनिक भूमी विकून स्वस्त घरे, हेच सूत्र. परंतु दोन गोष्टी येथे वेगळ्या होत्या, आणि त्यांतच या कृतीचे मोठेपण आहे. पहिली ही की, विकलेली जागा आणि राखलेली जागा एकाच वसाहतीत होती. श्रीमंताचा भूखंड विकून गरिबास दूर कोठे तरी पाठविले नाही; तेच रस्ते, तीच मैदाने, तीच दुकाने. दुसरी ही की, विक्रीचे उत्पन्न सर्वसाधारण तिजोरीत मिसळले नाही. ज्या भूमीतून ते आले त्या भूमीवरच ते खर्ची पडावे अशी योजना होती. दौलत आणि खासगी यांचे हिशेब वेगळे ठेवणाऱ्या जुन्या इंदुरी शहाणपणाचा हा नवा अवतार आहे असे म्हटले, तर अतिशयोक्ती होणार नाही.

घरांच्या रचनेतही मानवी स्वभावाची जाण दिसते. दहा-दहा घरांचे पुंजके, मधला मोकळा चौक, पादचाऱ्यांच्या गल्ल्या, उंबऱ्याशी ओटा. वाड्याचे अंगण आणि देवळाची ओसरी ज्यांच्या अंगवळणी आहे, त्यांना या रचनेचे व्याकरण शिकावे लागत नाही. ओट्यावर बसणे हे दारिद्र्याचे लक्षण नव्हे तर शेजाराचे साधन आहे, हे या वास्तुशिल्पकाराने ओळखले. सरकारी गृहनिर्माणाचा इतिहास सारख्या खोल्यांच्या उंच पेट्यांचा इतिहास आहे. त्यात 'अरण्य' हे वेगळे पडते यात शंका नाही.

असे असूनही कृतीचे मूल्यमापन तिच्या नकाशावरून नव्हे, तिच्या कालपरिणामावरून केले पाहिजे. वसाहत भरावयास वेळ लागला. पुढे शहर वाढून तिच्यापर्यंत येऊन ठेपले, जागेचे भाव चढले, आणि अनेक भूखंड मूळ लाभार्थ्यांच्या हातून इतरांकडे गेले. ज्या गाभ्याभोवती गरिबाचे घर वाढावयाचे होते, त्यांतील कित्येक ठिकाणी जुने पाडून मोठी घरे उठली. यात दोष कोणाचा? ज्याने भूखंड विकला त्याचा नव्हे. मुलीचे लग्न, आजारपण, धंद्यातील खोट यांपुढे माणूस आपल्या जवळची सर्वांत मोलाची वस्तू विकणारच. श्रीमंतही तेच करतो. दोषच म्हणावयाचा तर तो वास्तुशिल्पाचाही नव्हे. दोष कागदाचा आहे. भूखंडाचा पहिला मालक गरीब असावा एवढी काळजी योजनेने घेतली. दुसरा व तिसरा कोण असावा हा विचार तिच्या कक्षेत आला नाही. समाजाने एकदा सवलत दिली, ती पहिल्या हस्तांतरातच बाजाराच्या खिशात गेली, आणि पुढच्या गरिबासाठी शासनास पुन्हा नवी भूमी शोधणे भाग पडले. तुळशीपत्र घरावर ठेवले होते. भूमीवर खरेदीखतच होते.

मग विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावे, एवढे केले की झाले काय? मुंबईचा अनुभव सांगतो की एवढ्याने होत नाही. पवईची २३० एकर जागा १९८६ च्या त्रिपक्षीय कराराने दर हेक्टरी एक रुपया अशा नाममात्र भाड्यावर ८० वर्षांसाठी एका विकासकास देण्यात आली, ती ४० आणि ८० चौरस मीटरांची परवडणारी घरे व्हावीत म्हणून. तेथे उभी राहिली ती श्रीमंतांची उपनगरी. अखेर २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयास आदेश द्यावा लागला की, अन्य बांधकामाआधी करारातील लहान घरे बांधा. पट्टा होता, अट होती, करार होता. नव्हता तो पहारा. पाव शतक लोटल्यावर न्यायालयाने पहाऱ्याचे काम करावे, हे कोणत्याही विश्वस्तास भूषणावह नाही.

गिरणगावाचा अनुभव आणखी बोलका आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा विकास करावयाचा तर साधारण एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक भाग सार्वजनिक घरांसाठी, आणि उरलेला मालकास, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला, आणि ही वाटणी सबंध जमिनीची न राहता ज्या जागेवर बांधकाम नाही तेवढ्यापुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ साली हा अर्थ अमान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये नवा नियम कायम केला. परिणामी, वाटणीच्या कोष्टकात फारसा फरक न दिसता तिच्यात येणारी जमीनच आटली. कायद्याच्या व्यवसायात असलेल्यांस यातून एक धडा घ्यावासा वाटतो: भूमी बहुधा दांडगाईने जात नाही, ती व्याख्येने जाते.

इंदूरमध्येच हुकूमचंद गिरणीचे उदाहरण आहे. १९९१ च्या डिसेंबरात गिरणी बंद पडली, आणि कामगारांचे देणे थकले. सुमारे ४२ एकर जागेचा मार्ग निघून गृहनिर्माण मंडळाच्या द्वारे ते देणे भागविण्यास २५ डिसेंबर २०२३ हा दिवस उजाडला. सुमारे २२४ कोटी रुपये कामगारांसाठी देण्यात आले. बत्तीस वर्षांत कित्येक कामगार ते पाहण्यास उरले नव्हते. या प्रकरणात जमिनीचे मोल करणे अन्यायाचे होते असे आम्ही म्हणणार नाही; घामाचे ऋण फेडणे ही 'गरज'च होय. परंतु ऋण फिटल्यानंतर त्या जागेवर काय उठणार, त्यात कामगाराच्या नातवास परवडेल असे घर असेल काय, आणि तीन दशकांत तेथे वाढलेल्या झाडांचे काय, हे प्रश्न इंदूरचे नागरिक विचारीत आहेत, आणि ते विचारणे रास्त आहे.

या साऱ्या वादात एक शब्द फार उदारपणे वापरला जातो: 'पडीक'. जी जागा पैसा देत नाही ती पडीक, असे समीकरण विक्रीचा प्रस्ताव लिहिणारे मांडतात. गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी 'हिंगोट' खेळला जातो. गौतमपुऱ्याचा 'तुर्रा' आणि शेजारच्या रुणजीचा 'कलगी' असे दोन पक्ष हिंगोटाच्या पोकळ फळात दारू ठासून एकमेकांवर फेकतात. या खेळातील धोका लहान नाही, आणि त्याचे समर्थन करणे हा येथे हेतू नाही. पण जे मैदान वर्षातून एका संध्याकाळी दोन गावांना एकत्र आणते, ते उरलेले दिवस पडीक आहे काय? त्याच न्यायाने पालखीची वाट, जत्रेचा माळ, दहनभूमी आणि तळ्याकाठची गायरान जमीन ही सारीच पडीक ठरतील. जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध जो कठोर निर्णय दिला, त्यामागे हीच दृष्टी होती की, या जमिनींचा उपयोग हिशेबाच्या वहीत दिसत नाही म्हणून तो नाही असे होत नाही. स्वस्त घरांसाठी जागा हवी, हे खरे. पण 'पडीक' हा शिक्का मारण्यापूर्वी त्या गावच्या लोकांस विचारावे, एवढी मर्यादा तरी पाळली जावी.

विक्री आणि पट्टा या दोहोंच्या पलीकडे वाट आहे काय? आहे, आणि ती एका मराठी माणसाने दाखविलेली आहे. १९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीत विनोबांना पहिले भूदान मिळाले. लवकरच त्यातून ग्रामदानाचा विचार निघाला. ग्रामदानात मालकी गावाची, वहिवाट कुटुंबाची. कसणारा कसतो, त्याची मुले कसतात, पण बाहेरच्यास विकता येत नाही. भूदानातील पुष्कळ जमीन कागदावरच राहिली हे सर्वश्रुत आहे. परंतु या विचाराचे बीज दूर जाऊन रुजले. १९६९ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांनी जमिनीचा सामुदायिक विश्वस्त निधी स्थापन केला, तेव्हा त्यांच्या प्रेरणांमध्ये ग्रामदान हे एक होते. आज अमेरिकेत व इंग्लंडात शेकडो ठिकाणी ही पद्धत घरांसाठी चालते: भूमी निधीची, घर कुटुंबाचे. कुटुंब घर विकू शकते, पण ठरावीक सूत्राने, आणि पुढच्या गरजू कुटुंबास. आपलेच नाणे परदेशात चालून परत आले आहे; ते आपण ओळखावयास हवे.

याच्या उलट टोकाचा अनुभव इंग्लंडने घेतला. १९८० च्या कायद्याने तेथील नगरपालिकांच्या घरांत राहणाऱ्या भाडेकरूंस ती घरे मोठ्या सवलतीने विकत घेण्याचा हक्क मिळाला. लाखो कुटुंबे मालक झाली, आणि त्यांचा आनंद खोटा नव्हता. परंतु विक्रीच्या रकमेतून तितकीच नवी घरे बांधण्यास नगरपालिकांना मोकळीक नव्हती. आणि विकल्या गेलेल्यांतली बरीच घरे पुढे खासगी मालकांकडे जाऊन चढ्या भाड्याने दिली जाऊ लागली. एका पिढीचा लाभ हा दुसऱ्या पिढीचा तोटा झाला.

आमच्या या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. श्रीमंताला आपली जागा हवी तशी विकता यावी, आणि गरिबाच्या घरावर मात्र अटी असाव्यात, हा पंक्तिभेद नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. त्यास आमचे उत्तर असे की, कुटुंबाने घरात जे घातले, विटा, श्रम, वर्षे, त्याचा पुरेपूर मोबदला त्याला मिळालाच पाहिजे, आणि महागाईप्रमाणे तो वाढलाही पाहिजे. परंतु रस्ता आल्याने, शहर वाढल्याने जमिनीची किंमत जी चढली ती ना त्याच्या श्रमाची, ना शेजाऱ्याच्या. ती समाजाने निर्माण केलेली आहे, आणि ती पुढच्या घर नसलेल्यासाठी राखली जावी. खरे पाहता हा नियम श्रीमंतांच्या भूखंडांसही लावावयास हरकत नाही; पंक्तिभेद टाळण्याचा तो मार्ग अधिक सरळ होय.

या विवेचनातून सार्वजनिक भूमीच्या प्रत्येक विक्रीस चार प्रश्न विचारले जावेत असे निष्पन्न होते. विक्रीची गरज आहे, की केवळ नफ्याचा मोह? पद्धत उघड आहे काय? रकमेचा हिशेब खासगीसारखा वेगळा ठेवला आहे, की दौलतीत मिसळला? आणि जे घर उभे राहणार ते दुसऱ्या व तिसऱ्या धन्याच्या हातीही गरिबाचेच राहील अशी तजवीज कागदात आहे काय? 'अरण्य' पहिल्या तीन कसोट्यांवर बरीच उतरते, चौथीवर अडते. पवई दुसरी-तिसरी दूरच, साध्या करारपालनावरच अडली. हा फरक ध्यानात घेऊनच पुढील योजनांची आखणी व्हावी.

शेवटी एक शब्द आपल्या देवस्थानांविषयी. सरकारला विश्वस्ततेचा पाठ देणारे आपण, स्वतः त्या पाठात उत्तीर्ण आहो काय? मध्य प्रदेशातील देवळांच्या जमिनींविषयी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये निर्णय दिला की, मालक म्हणून नोंद देवाची. पुजारी हा सेवक, त्याला मालकी नाही. आणि देऊळ शासनाकडे निहित नसेल तर जिल्हाधिकाऱ्याचे नाव व्यवस्थापक म्हणून लावण्याचेही कारण नाही. म्हणजे पुजाऱ्यास आणि शासनास, दोघांसही एकाच वाक्यात आपापली जागा दाखविली गेली. गोव्यात १९७५ च्या मुंडकार कायद्याने दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणाऱ्यास हुसकावणीपासून संरक्षण आणि ती जागा विकत घेण्याचा हक्क दिला. देवळांभोवती पिढ्यान्‌पिढ्या सेवा करीत राहिलेल्या कुटुंबांचे डोक्यावरचे छप्पर हा देवस्थानांच्याही दारचा प्रश्न आहे. वाजंत्री, भावीण, दिवटी धरणारा, देऊळ झाडणारा यांच्या घराखालची भूमी कोणाची, याचे उत्तर देण्याची पाळी महाजनांवर येते तेव्हा बहुधा ते खसऱ्याकडे किंवा न्यायालयाकडे बोट दाखवितात. त्याऐवजी देवाच्या भूमीवर सेवेकऱ्याचे घर कायम, विक्री नाही आणि हुसकावणीही नाही, असा ठराव एखाद्या देवस्थानाने आपण होऊन केला, तर शासनापुढे ठेवावयास ते सर्वांत बळकट उदाहरण होईल.

दौलत आणि खासगी यांत रेघ ओढणाऱ्या गौतमाबाईंच्या घराण्याने हे काम कोणत्याही कायद्याची वाट न पाहता केले होते. भूमी देवाची म्हणा वा जनतेची म्हणा, तिचा कागद लिहिताना आपण पुढच्या पिढीतील एका अनोळखी, घर नसलेल्या माणसाच्या वतीने लिहीत आहो, एवढे भान सही करणाऱ्याने ठेवले तर या वादाचा पुष्कळसा भाग आपोआप सुटेल.